सपाट कपाळ

रूपालीनं गोळ्या सोडल्या हे तिनं मला बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायरीवर सांगितलं, मी चप्पल शोधत असताना. पर्युषणाचा पहिला दिवस, सकाळची पूजा नुकतीच आटोपलेली, पायरीपाशी दीडदोनशे बायकांच्या चपलांचा ढीग आणि त्यात मला माझी एकच सापडलेली. ती मागून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, मी बी धा दिवस धरलं. माताजींच्याकडनं आत्ताच नियम घेतला. गोळ्या कालपासनंच बंद केल्यात. तुमच्यावानी." आणि हसली. माताजी म्हणजे चातुर्मासाला बस्तीत उतरलेल्या आमच्या साध्वी, आणि रूपाली म्हणजे माझ्या चुलत जावेची, चंपाक्कांची, सून. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात त्यांचं घर दोन दारं सोडून. पोरगं झाल्यापासून आठ महिन्यांत ही पोरगी हसलेली मी पाहिली नव्हती. मांडीवर बाळ असायचं आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तीही मागच्या महिन्याचं पान न उलटलेल्या. त्या सकाळी ती हसली ते माझ्या भरवशावर, आणि मी काय केलं, तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत वाकून दुसरी चप्पल शोधायला लागले. ती सापडली. पायात घालून मी घरी आले. वाटेत मंडळाच्या मांडवातून आरतीचा गजर चालला होता, कुणीतरी हाक मारून मोदक घ्या म्हणालं, मी हातानंच उपास असल्याची खूण केली. उपास नव्हता. यंदा मी एकभुक्तच धरलं होतं, तरी हात आपोआप वर गेला. खोटं बोलायची सवय लागली की जीभसुद्धा हलवावी लागत नाही.

तुमच्यावानी. घरात आले, पाणी गाळलं, डाळ शिजायला टाकली, आणि तो शब्द माझ्याबरोबर स्वयंपाकघरात फिरत राहिला. वर्षभर तो ऐकत होते. आमच्या समाजात, आमच्या बोळात, एवढंच काय ह्यांच्या शाहूपुरीतल्या दुकानातसुद्धा मी एक उदाहरण झाले होते. ह्यांचं, म्हणजे श्रेणिकरावांचं, पाइपा आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. तिथं मोटार बघायला आलेल्या शिरोळच्या शेतकऱ्यालाही हे सांगायचे, की आमच्या मंडळींना मनाचा आजार होता, पाच वर्षं मिरजेच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले, शेवटी दहा दिवसांच्या उपासानं बरं केलं. समाजाच्या मासिकात माझा फोटो आला होता. गळ्यात हार, मांडीवर ओटी, आणि कपाळ असं स्वच्छ, की त्या फोटोकडे पाहून मलाच वाटावं, काय शांत बाई आहे ही. बायका जवळ येऊन म्हणायच्या, तोंडावर तेज आलंय. तेज कसलं डोंबलाचं. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात पाच जागी टोचून घेतलं होतं ते.

आजाराचं आधी सांगते, कारण त्याची लाज सगळ्यात जुनी आहे. मला दुःखाला कारण नव्हतं. नवरा निर्व्यसनी, मुलगा वृषभ पुण्यात चांगल्या नोकरीला, सासूसासरे शेवटपर्यंत मानानं वागवून गेलेले. आणि मी दुपारी भांडी आवरून झाली की ओट्याला टेकून उभी राहायचे आणि हलता यायचं नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. रडू नाही, काही नाही. आतून कुणीतरी सगळं सामान नेलं आहे आणि मी रिकाम्या घराची राखण करते आहे एवढंच. विधवेला दुःख शोभतं, पोर गेलेल्या आईला शोभतं. माझ्यासारखीनं दुःखी असणं म्हणजे भरल्या ताटावर बसून उपाशी असल्याचं सोंग. हे मला कुणी म्हणालं नाही, मीच म्हणायची. दोन हजार पाचच्या पुरात माझ्या माहेरी, शिरोळकडे, भावाच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं. माणसं शाळेत आणून ठेवली होती. मी भाकरी घेऊन गेले तर माझा भाऊ जयपाल, ज्याचा सगळा ऊस आणि दोन म्हशी गेलेल्या, तो शाळेच्या व्हरांड्यात चहा वाटत थट्टा करत होता. मी मात्र त्याच्या गळ्यात पडून रडले. सगळे म्हणाले, बहिणीची माया. खरं हे, की मला त्या दिवशी फार बरं वाटलं. एकदाचं कारण मिळालं होतं. भावाचं घर बुडालं आणि मला हलकं वाटलं, हे मी मिरजेच्या डॉक्टरांनाही कधी सांगितलं नाही.

मिरज अशासाठी, की कोल्हापुरात कुणी बघू नये. मिरजेला माणूस कशासाठीही जातो, डोळ्यासाठी, हाडासाठी, कुणी विचारत नाही. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्यांनी मी ओट्यापासून सुटले, पण तेवढंच. उठायची, करायची, बोलायची, आणि कपाळाला आठ्या तशाच. माझ्या दोन भुवयांच्या मध्ये उभ्या दोन रेघा होत्या, तिशीपासूनच्या. वृषभ पहिलीत असताना पाटी घेऊन बसला होता, माझ्याकडे बघून म्हणाला, आईच्या कपाळावर अकरा लिहिलंय. आम्ही हसलो होतो. पुढे त्या रेघा खोल होत गेल्या आणि लोक मला घाबरायला लागले. भाजीवाली विचारायची, काकू रागावलाय व्हय. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना माझ्यासमोर पदर सावरून बसायच्या. मी रागावलेली नसायचे हो, पण तोंडच तसं म्हटल्यावर समोरचा तसाच वागायचा, आणि समोरचा तसा वागला की मला वाटायचं, खरंच, मी आहेच अशी.

राजारामपुरीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे मी मानेवरच्या खाजेसाठी गेले होते. डॉक्टर शिवानी. वयानं माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मलम लिहून देता देता तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, झोप लागते का. कुणी असं सरळ विचारलं की मला खोटं बोलता येत नाही, निदान तेव्हा येत नव्हतं. मी मिरजेचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, एक इंजेक्शन असतं, सुरकुत्यांचं. कपाळाचा स्नायू त्यानं तीन-चार महिने सैल पडतो, आठी घालायला गेलं तरी पडत नाही. परदेशात एका डॉक्टरनं ते उदास बायकांना देऊन बघितलंय, फार थोड्या बायका होत्या, पण बऱ्याच जणींना बरं वाटलं म्हणे. मी विचारलं, कपाळाचा आणि मनाचा काय संबंध. ती म्हणाली, आपण समजतो मन दुःखी झालं की कपाळ आठी घालतं, पण कपाळही मनाला उलटा निरोप पाठवत असेल, दिवसभर, की आपण दुःखी आहोत. तो निरोप थांबवून बघायचा. मग हात पुढे करून म्हणाली, "मी तुम्हाला खात्री देत नाही, काकू. उपयोग होईल, नाहीही होणार. पण काहीही झालं तरी मिरजेच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. तेवढं मला वचन द्या." मी दिलं. ते वचन तेवढं मी पाळलं.

टोचून घ्यायच्या आधी विचारलं, हे कशाचं असतं. एका जंतूचं विष असतं, फार थोडं, ती म्हणाली. आम्ही कांदा-बटाटा खात नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही, मधाला शिवत नाही, आणि मी कपाळात जंतूचं विष भरून घेऊन रिक्षानं घरी आले. रिक्षात आरशात तोंड बघायची हिंमत झाली नाही. ह्यांना सांगितलं, खाजेचं इंजेक्शन दिलं. सिनेमातल्या बायका घेतात ते, गोरं दिसण्याच्या, तरुण दिसण्याच्या हौसेपायी घेतात ते, मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुनेचं तोंड बघायच्या वयात घेतलं होतं, हे कुणाला कळलं तर मंगळवार पेठेत राहणं मुश्कील झालं असतं. आठवडाभरात आठी बंद झाली. दुपारी ओट्यापाशी दुःख नेहमीच्या वेळेला यायचं, येऊन नेहमीच्या जागी बसायला बघायचं, आणि त्याला बसायला पाटच मिळायचा नाही. थोडा वेळ घुटमळायचं आणि जायचं. भाजीवाली हसून बोलायला लागली. तिनं हसावं म्हणून मी काही केलं नव्हतं, तिला माझ्या तोंडावर राग दिसेनासा झाला होता इतकंच. पण तिच्या हसण्यानं मला बरं वाटायचं. खरं काय झालं होतं मला आजही ठाऊक नाही. मन बदललं की तोंड बदलल्यानं लोक बदलले आणि लोक बदलल्यानं मन बदललं, हे उलगडायला बसले की माझं डोकं दुखतं.

आणि जसजसं बरं वाटायला लागलं तसतशी लाज वाढली. आधी दुःख असल्याची होती, आता ते असल्या उपायानं गेल्याची. पंधरा दिवसांत पर्युषण आलं. मी दहा दिवसांचे उपवास धरले ते त्या जंतूंचं प्रायश्चित्त म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही. दिवसातून एकदा गरम पाणी, बस्स. आणि त्या पाण्याबरोबर, देवघराकडे पाठ करून, मिरजेची गोळी. डॉक्टरणीला वचन दिलं होतं. माताजींकडून नियम घेताना गोळीचं बोलले नाही, बोलले असते तर मिरजही बोलावी लागली असती. म्हणजे उपाससुद्धा धड नव्हता. प्रायश्चित्त घेतलं त्यातही चोरी. आठव्या-नवव्या दिवशी बायका दर्शनाला यायला लागल्या. दहा दिवस अन्न नाही आणि कपाळाला एक आठी नाही, असं कुणी पाहिलं नव्हतं. उपवासाला बसलेल्यांची तोंडं शेवटी शेवटी ओढलेली असतात, माझं मात्र कसं निवांत. घरातलीच म्हणून माझ्या आजाराचं चंपाक्कांच्या कानावर होतं, त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, राजमती बरी झाली, उपासानं बरी झाली. पारण्याच्या दिवशी बग्गीतून मिरवणूक निघाली. बग्गीत बसून मी ठरवलं होतं की घरी गेल्यावर ह्यांना तरी सांगायचं. घरी गेल्यावर ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, फार सोसलंस. मग कसं सांगायचं. मग मार्गशीर्षात एकदा, चैत्रात एकदा, यंदा श्रावणात पुन्हा एकदा मी राजारामपुरीला जाऊन आले. रिक्षा दोन चौक अलीकडे सोडायची, तोंडावर पदर घ्यायचा. चोर बरा.

रूपालीनं यंदा आषाढात मला सरळ विचारलं होतं. बाळाला घेऊन आली होती. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "काकू, तुमाला बी असंच हुतं हुतं का, सगळं लांब गेल्यावानी? तुमचं कशानं बरं झालं?" घरात आम्ही दोघीच होतो. त्याहून चांगली वेळ मला कुणी आणून देणार नव्हतं. तिच्या गोळ्यांचंही तिनं सांगितलं, चंपाक्कांनी त्या डब्यात, तिळाच्या खाली ठेवायला लावल्या होत्या, कुणी सुनेला वेडी म्हणू नये म्हणून. ती एवढं सगळं बोलली. मी म्हणाले, देवाची कृपा. हे दोन शब्द. आता वाटतं, मी कुणाचा जीव घ्यायचा ठरवून बोलले असते तरी याहून नेमके शब्द सापडले नसते.

पर्युषणाच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्यांच्या घरी जायला लागले. सांगायलाच जायचे. उंबऱ्यात चपला काढेपर्यंत वाक्य तयार असायचं. आत गेलं की चंपाक्का हात धरून बसवायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, हीच ती, हिचंच बघून पोरीनं धरलंय. मग मी पाणी प्यायचे आणि रूपालीच्या कपाळाला हात लावून बघायचे. तिसऱ्या दिवशी ती बोलत होती. चौथ्या दिवशी बोलताना मधेच थांबायची. पाचव्या दिवशी मी एकटीत तिला म्हणाले, गोळी तेवढी घे गं, औषधाला चालतं. ती म्हणाली, तुमी घेतलीसा व्हय? मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा तिनं तिला हवा तो अर्थ लावला आणि डोळे मिटले. घरी येऊन मी आरशासमोर बसले. रडावंसं वाटत होतं, रडलेही, डोळ्यांतून पाणी आलं, पण कपाळ आपलं कोरडं शहाणं. स्वतःच्या रडण्यावर माझाच विश्वास बसेना. वाटलं, हिला सांगितलं तर माझं काय उरतं. बरं झाल्याचा मान गेला तर बरं होणंही जाईल. परत ओटा, परत ती दुपार. एका पोरीच्या जिवापुढे मी माझ्या दुपारी मोजत होते, हे लिहितानाही हात जड होतो.

आठव्या दिवशी दुपारी गेले तर बाहेरची खोली बायकांनी भरलेली. भजन चाललं होतं. रूपाली भिंतीला टेकून गादीवर बसवलेली, नवी साडी, कपाळाला गंध. चंपाक्का पुढे येऊन मला म्हणाल्या, "कालपासनं मौन बी धरलंय पोरीनं. एक शबुद न्हाई. तुला बी जमलं न्हवतं ते." बायका हात जोडून तिच्याकडे बघत होत्या. कुणीतरी बाळाला आणून तिच्या मांडीवर ठेवलं, आशीर्वाद मिळावा म्हणून असेल. बाळ घसरायला लागलं. तिचे हात उठले नाहीत. शेजारच्या बाईनं बाळाला सावरलं, ते रडायला लागलं, आणि रूपालीची नजर जिथं होती तिथून केसभरही हलली नाही. बायका म्हणाल्या, बघा, माया सुटली. मला ती नजर माहीत होती. पाच वर्षं ती मी आतून बघितली आहे. मौन धरणारा माणूस शब्द आवरून ठेवतो. हिच्याजवळ आवरायला काही उरलंच नव्हतं. त्या खोलीत तीस बायका होत्या आणि हे कळणारी मी एकटी होते.

मी म्हणाले, "चंपाक्का, हिला पाणी पाजा, काय तरी द्या खायला आन दवाखान्यात न्ह्या. आत्ता न्ह्या." भजन थांबलं. चंपाक्कांना वाटलं मी थट्टाच करते आहे. मग त्या म्हणाल्या, तीन दिवसांवर पारणं आलंय, बग्गी सांगितलीय, आणि तू केलेस की दहा दिवस, तुला कुणी नेलं होतं दवाखान्यात. तेव्हा मी सांगितलं. उपासानं मला बरं वाटलं नाही, त्याच्या आधीच वाटायला लागलं होतं, मी इंजेक्शन घेतलं होतं. कुठं, त्यांनी विचारलं. कपाळात. मागं एक मुलगी हळूच म्हणाली, हिरॉइनी घेतात तसलं का. मी म्हणाले, व्हय, तसलंच. कुणीतरी हसलं. चंपाक्का हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा कडक झाला, आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनंचं नाव व्हायला लागलं म्हणून तुला बघवंना व्हय गं?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढी लाज टाकून मी खरं बोलले होते आणि ते खरं कुणाला खरं वाटत नव्हतं. मग मी जे केलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापतात. मी खोलीच्या मधोमध गेले, पदर मागे घेतला, आणि म्हणाले, बघा, मला आठी घालता येत नाही. आणि आठी घालायला लागले. डोळे बारीक केले, नाक फेंदारलं, दातओठ खाल्ले. बायका उठून जवळ आल्या, वाकून बघायला लागल्या. एक म्हणाली, रागव बघू. मी रागावले. एक म्हणाली, आणि जोरानं. जत्रेत डोंबाऱ्याची दोरीवरची पोर बघतात तशा त्या माझं तोंड बघत होत्या. आत लाजेनं माझी नुसती होरपळ चालली होती आणि वर कपाळ पोळपाटासारखं. त्या हिरॉइनवाल्या मुलीनं बोट लावून बघितलं आणि बोट पटकन मागे घेतलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, आणि भुवया आपल्या जागी, जशा काही दुसऱ्याच बाईच्या. तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या.

चंपाक्का शेवटचं म्हणून म्हणाल्या, "पर धा दिवस उपास तर केलास की. आमी डोळ्यांनी बघितलंय." इंजेक्शनाची लाज खर्चून झाली होती, आता ही दुसरी, खालची, राहिली होती. मी म्हणाले, "पान्याबरोबर गोळी घेत हुतो. धाही दिवस. रूपालीनं सोडली. मी सोडली न्हवती, म्हणून मी तुमच्याफुडं हुबी हाय." यावर कुणीही हसलं नाही. उपास मोडून वर बग्गीत बसलेली बाई त्यांनी याआधी पाहिलेली नसावी. चंपाक्का गादीच्या कडेला बसल्या, सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. मग उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

कुणीतरी बस्तीत निरोप नेला. माताजी स्वतः चालत आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. चंपाक्कांना एवढंच विचारलं, की पोरगी आजारी आहे आणि औषध चालू आहे हे मला का सांगितलं नाहीत, सांगितलं असतं तर मी नियम दिलाच नसता. आवाजात राग नव्हता. चंपाक्का जमिनीकडे बघत उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी, दोघींची मान सारखीच खाली. ह्यांनी गाडी काढली. मिरजेला पोचेपर्यंत रूपालीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, ती टेकली नव्हती, गाडीच्या हेलकाव्यानं आलेलं होतं. माझ्याच डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, आणि हिला एकटीला सोडू नका, एक क्षणही नको. का, ते चंपाक्कांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. चंपाक्का भिंतीला धरून खाली बसल्या.

ह्यांना सगळं गाडीतच कळलं होतं. दोन दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले. वर्षभर दुकानात आल्यागेल्याला सांगितलेलं सगळं आता परत कसं घ्यायचं, हा त्यांच्यापुढे प्रश्न असेल. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि विचारलं, टोचताना दुखतं का गं. मी म्हणाले, थोडं. मग हे म्हणाले, पुढच्या वेळी मी गाडीनं सोडतो, रिक्षानं कशाला जातेस. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. माणसं अशी असली की लाजेला तळच लागत नाही.

क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकाची माफी मागतो. वर्षभर कळत नकळत दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, असं म्हणून हात जोडायचे, समोरच्यानंही तेच म्हणून हात जोडायचे. नाही कुणी म्हणत नाही. भाऊबंदकीत कोर्टाच्या पायऱ्या चढलेलेही त्या दिवशी एकमेकांच्या दारात जातात. सकाळी बस्तीत सगळ्या बायका माझ्यापुढे आल्या, एक एक करून, हात जोडून, उत्तम क्षमा, आणि नजर माझ्या भुवयांच्या मध्ये. मीही जोडले. शे-दीडशे वेळा मी क्षमा मागितली आणि शे-दीडशे वेळा मला मिळाली, आणि त्यातल्या एकीलाही मी कशाची माफी मागते आहे हे सांगावं लागलं नाही. घरी न जाता मी तशीच स्टँडवर गेले आणि मिरजेची गाडी धरली.

रूपाली खाटेवर उशीला टेकून बसली होती. गोळ्या सुरू होऊन चार दिवस झाले होते, सकाळी अर्धी वाटी भात खाल्ल्याचं चंपाक्कांनी दारातच सांगितलं. बाळ खाली सतरंजीवर झोपलेलं. मी स्टुलावर बसले. हात जोडले, पण तो नेहमीचा शब्द तोंडातून येईना, तो सकाळपासून इतका वापरला होता की त्यात काही राहिलं नव्हतं. मग मी सरळ सांगितलं. आषाढात तू मला विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. पायरीवर सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तू गोळीचं विचारलंस तेव्हाही नाही. माझा मान जाईल म्हणून नाही सांगितलं, दुसरं काही कारण नव्हतं. तुझा जीव जात होता आणि मी बघत होते. मला क्षमा कर. ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ गेला, इतका की मला वाटलं ती परत तिथंच गेली, जिथून आणलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

दारातून चंपाक्का पुढे आल्या, म्हणाल्या, अगं, आजच्या दिवशी न्हाई म्हनू नये. मी त्यांना हातानं थांबवलं. रूपालीनं ओठ ओले केले. आवाज खरखरीत होता, पण शब्द तिचे होते.

"ह्या वर्साला न्हाई करत मी, काकू. फुडच्या वर्सी इचारा."

एकोणपन्नास वर्षांत क्षमावाणीला मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. ते माझ्या छातीत जिथं लागायचं तिथं लागलं, आणि मी ते लागू दिलं. पण चार दिवसांपूर्वी जिच्या हातांना पोटचं पोर धरायचं भान नव्हतं, ती पुढच्या वर्षाचं बोलत होती. म्हणजे तेव्हा मी असेन, ती असेल, मी विचारीन आणि ती काय ते सांगेल. मी म्हणाले, इचारतो. मग खाली बाळ चुळबुळायला लागलं, म्हणून वाकून त्याला थोपटत बसले.